दऱ्या आणि दर्या : लिनक्सवरच्या मराठीची बांधणी

दाजीपूरच्या जंगलाकडून कोकणात उतरणारा रस्ता दऱ्यांच्या कडेकडेने फोंडाघाट गावात येतो. कणकवली ओलांडून मालवणकडे वळले की पुढे दर्या लागतो. या एका वाटेचे वर्णन मराठीत करायचे तर 'र'ची दोन जोडरूपे हाताशी लागतात. संगणकाच्या पोटात 'दर्या' हा शब्द द, र, हलन्त, य आणि काना असा साठवला जातो. 'दऱ्या' हा द, ऱ, हलन्त, य आणि काना असा. पाचांपैकी चार चिन्हे सारखीच. तरीही पहिल्यात रफार डोक्यावर चढला पाहिजे आणि दुसऱ्यात अर्धा र 'य'च्या पोटाला आडवा चिकटला पाहिजे. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही, मराठीचे मात्र त्यावाचून पानोपानी अडते. युनिकोडने या 'ऱ'ला ०९३१ हा क्रमांक दिला आहे. पण क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर पडद्यावर नीट उमटलेच असे होत नाही. फॉन्टमध्ये ते रूप काढलेले असावे लागते, अक्षरे जुळवणाऱ्या प्रणालीला त्याचा नियम ठाऊक असावा लागतो, आणि हे दोन्ही एकमेकांशी जुळलेल्या अवस्थेत वापरणाऱ्याच्या यंत्रावर पोचावे लागतात. यातले तिसरे काम करणाऱ्यांचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. लिनक्ससारख्या युनिक्सकुळीच्या प्रणालींवर मराठी टिकली, ती फॉन्ट आणि भाषांतरे झाली म्हणून तर खरेच. पण त्यांची नीट पॅकेजे बांधून ती वर्षानुवर्षे सांभाळली गेली, हे त्याचे अधिक मोठे कारण आहे, असे या लेखात मांडायचे आहे.

पॅकेज म्हणजे काय, हे आधी पाहू. सुरुवातीच्या युनिक्सवर सॉफ्टवेअर बहुधा सोर्सच्या रूपात, टारबॉलमध्ये गुंडाळून यायचे. ज्याला हवे त्याने ते उघडायचे, आपल्या यंत्रावर कंपाइल करायचे आणि फायली योग्य जागी ठेवायच्या. महिन्याभराने तेच सॉफ्टवेअर काढून टाकायचे ठरले, तर कोणती फाइल कुणाची हे सांगायला कुणी नसे. एका प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी दुसऱ्याच्या नव्या आवृत्तीने पुसली गेली, तर दोष कुठे आहे ते शोधण्यात दिवस जात. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन या दोन लिनक्स वितरणांचा आरंभ झाला. त्याच सुमारास फ्रीबीएसडीने 'पोर्ट्स' ही पद्धत आणली. १९९५ च्या आसपास रेड हॅटचे आरपीएम आले. तपशील वेगळे असले तरी सूत्र एकच होते. प्रत्येक सॉफ्टवेअरसोबत एक कृती लिहून ठेवायची. मूळ सोर्स कुठला, त्यावर कोणते पॅच लावले, बिल्ड करायला काय लागते, चालायला काय लागते, कोणती फाइल कुठे जाईल, लायसन्स कोणते आणि जबाबदार माणूस कोण, हे सगळे त्या कृतीत येते. ती हाती असली की दुसरा कुणीही तेच पॅकेज पुन्हा बांधू शकतो, आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलूनही बांधू शकतो. ही मुभाच पुढे मराठीच्या कामी आली.

मराठीची संगणकावरची जुळणी मात्र त्याआधीपासून सुरू होती, आणि तिचा बराच भाग महाराष्ट्रात घडला. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतपद्धत १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाली. पण प्रकाशन व्यवसायात प्रमाण चालले ते खासगी फॉन्टांचे. दर कंपनीच्या फॉन्टमध्ये अक्षरांचे तुकडे वेगवेगळ्या क्रमांकांवर बसवलेले असत. 'दऱ्या'तला आडवा र एका फॉन्टमध्ये ज्या जागी, तिथे दुसऱ्या फॉन्टमध्ये भलतीच मात्रा. मजकूर एका छापखान्यातून दुसऱ्यात गेला की त्याचा चुरा व्हायचा. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेने वेगळी वाट धरली. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी तिथे काम करताना विंडोजसाठी 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट घडवला, आणि विंडोज २००० सोबत तो घरोघरी पोचला. त्याच संस्थेने लिनक्ससाठी 'इंडिक्स' नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्यात एक्स विंडो या चित्रप्रणालीतच बदल करून भारतीय लिप्या दाखवण्याची सोय केली होती. म्हणजे प्रोग्रॅमांना हात न लावता खालचा पायाच भारतीय करायचा. कल्पना धाडसी होती, आणि त्या काळात लिनक्सवर देवनागरी दिसणे हीच मोठी मजल होती.

इंडिक्सच्या वाट्याला पुढे जे आले, ते या लेखाच्या दृष्टीने फार बोलके आहे. २००१-०२ च्या सुमारास लिनक्सवरच्या मुख्य प्रवाहाने दिशा बदलली. अक्षरे काढण्याचे काम एक्सच्या सर्व्हरकडून प्रोग्रॅमांच्या बाजूला सरकले. पँगो या लायब्ररीत भारतीय लिप्यांच्या जुळणीचे नियम आले आणि २००२ च्या ग्नोम २.० या डेस्कटॉपने पँगो सर्वत्र नेले. जे बदल मूळ प्रकल्पात सामील झाले, ते दर नव्या आवृत्तीबरोबर आपोआप पुढे गेले. जे बाजूला, स्वतंत्र बदल म्हणून राहिले, ते दर आवृत्तीला पुन्हा नव्याने बसवावे लागत होते. गुणवत्तेत कुठे कमी पडले म्हणून इंडिक्स मागे पडले, असे नव्हे. ज्या पायावर ते बांधले होते, तो पाया इतरांनी सोडून दिला. आपल्यापुरता बदल करणे सोपे असते. तो बदल चालत्या प्रवाहाशी जोडून ठेवणे हे खरे कष्टाचे काम. पॅकेज बांधणारा माणूस नेमके हेच करतो: एक हात मूळ प्रकल्पाकडे आणि दुसरा वापरणाऱ्याकडे.

२००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' ही भारतीय लिप्यांची फॉन्टमाला जीपीएल लायसन्सखाली खुली केली. तिचे मूळ काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून करून घेतलेले होते. म्हणजे श्री-लिपीमुळे मराठी छपाईत घरचे नाव झालेली कंपनीच इथेही होती. ज्या शहरात बंदिस्त फॉन्टांची बाजारपेठ वाढली, त्याच शहराच्या कसबातून खुला मराठी फॉन्ट निघाला. पण फॉन्टची फाइल खुली करणे ही फक्त सुरुवात होती. पुढची अनेक वर्षे रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी लोहित सांभाळला. प्रवीण सातपुते यांचे नाव या कामाशी विशेष जोडलेले आहे. २०११ मध्ये लायसन्स बदलून ओपन फॉन्ट लायसन्स केले गेले, कारण जीपीएल हे प्रोग्रॅमांसाठी लिहिलेले लायसन्स. एखाद्या दस्तऐवजात फॉन्ट अंतर्भूत केला तर त्या दस्तऐवजाचे काय, ही शंका त्यात राहत होती. त्यानंतरच्या 'लोहित-२' या टप्प्यात अक्षरजुळणीची कोष्टके नव्याने, स्वच्छ लिहून काढली गेली. बाहेरून पाहणाऱ्याला फॉन्ट होता तसाच दिसत होता. आतून मात्र तो दुसऱ्याला वाचता, तपासता आणि बदलता येईल असा झाला.

रेड हॅटच्या पाठबळावर चालणाऱ्या फेडोरा या लिनक्स वितरणातल्या लोहित-मराठी पॅकेजची स्पेक फाइल, म्हणजे आरपीएमची कृती, उघडली तर ही जबाबदारी किती बारीक असते ते दिसते. वर नाव, आवृत्ती, लायसन्स आणि सोर्सचा पत्ता. त्याखाली बिल्डसाठी लागणाऱ्या गोष्टी, ज्यात फॉन्टफोर्ज हे अक्षरे घडवण्याचे साधनही येते. कारण पॅकेजमधला फॉन्ट कुणी तयार करून दिलेला उचलून ठेवायचा नसतो, तो मूळ रेखाटनांच्या फायलींपासून दर वेळी नव्याने बांधायचा असतो. मग फाइल कुठल्या फोल्डरात जाईल ते. मग फॉन्ट निवडून देणाऱ्या फॉन्टकॉन्फिगसाठी एक छोटी नियमफाइल: भाषा मराठी असेल तर या फॉन्टला पसंती दे. ही नियमफाइल नसेल, तर उत्तम फॉन्ट यंत्रावर असूनही पडद्यावर भलताच फॉन्ट उमटू शकतो आणि वापरणाऱ्याला वाटते की लिनक्सला मराठी येत नाही. सर्वांत खाली चेंजलॉग असतो: तारीख, नाव, काय बदलले. फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि त्या वेळी सगळी पॅकेजे पुन्हा बांधली जातात. चेंजलॉगमध्ये त्याची एकेक ओळ पडते. वाचायला कंटाळवाणी वाटणारी ही ओळच सांगते की मराठीचा फॉन्ट नव्या यंत्रणेवरही बांधून पाहिला आहे आणि तो बांधला जातो.

पॅकेज बांधताना भाषेविषयीचे निर्णयही घ्यावे लागतात, आणि लोहितच्या इतिहासात असा एक निर्णय ठळकपणे दिसतो. सुरुवातीला हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी अशी वेगवेगळी लोहित पॅकेजे होती. लिपी एकच, तर फॉन्टही एकच असावा, या विचाराने पुढे ती 'लोहित देवनागरी'त एकत्र केली गेली. तांत्रिकदृष्ट्या हा विचार बरोबर होता. ओपनटाइप फॉन्टमध्ये भाषेनुसार वेगळी रूपे ठेवता येतात: मजकूर मराठी आहे असे कळले की फॉन्टने मराठी वळणाचे ल आणि श दाखवायचे. पण कळवणार कोण? फायलीचे नाव, टर्मिनलमधली ओळ, भाषेची नोंद नसलेले साधे पान, अशा ठिकाणी ही माहिती फॉन्टपर्यंत पोचतच नाही आणि हिंदी वळणाची अक्षरे उमटतात. त्यामुळे लोहित देवनागरीवरच आधारलेले, पण मराठी रूपे मुळातच पुढे ठेवणारे लोहित-मराठी हे स्वतंत्र पॅकेज पुन्हा बांधले गेले. फेडोरात ते आहे आणि डेबियनमध्येही त्याचा वेगळा संच आहे. ही केवळ हौस नव्हती. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले आणि नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरण्याचा आग्रह धरला. शासनाचा निर्णय कागदावर येतो. पडद्यावर तो अमलात येण्यासाठी असे एखादे पॅकेज लागते.

फॉन्टबरोबर बाकीचा संसारही लागतो. टंकलेखनासाठी एम-१७-एन या संचात मराठीची इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन आणि मराठी संकेतस्थळांवर लोकप्रिय झालेली गमभन अशा पद्धती आहेत. शुद्धलेखन तपासायला हनस्पेलचा मराठी कोश आहे, ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे नियम वेगळ्या पॅकेजात आहेत, आणि लिबरऑफिसच्या मराठी भाषांतराचे पॅकेज निराळेच. एवढी नावे सामान्य माणसाने कुठून लक्षात ठेवायची? २०१६ मध्ये फेडोरा २४ ने याला उत्तर दिले. 'लँगपॅक्स-एमआर' हे एकच पॅकेज बसवले की यंत्रावर जे जे प्रोग्रॅम असतील त्यांचे मराठीपण मागोमाग येते. आरपीएममध्ये थोड्याच वर्षांपूर्वी आलेल्या सौम्य अवलंबित्वाच्या सोयीवर, म्हणजे 'अमुक असेल तर तमुकही घे' अशा शिफारशीवर, ही रचना उभी आहे, आणि ती बांधण्यात पुण्याच्या पराग नेमाडे यांचा पुढाकार होता. या पॅकेजात स्वतःचे असे जवळजवळ काहीच नाही. इतरांनी केलेल्या कामांना एकत्र बांधणे हेच त्याचे काम, आणि त्यामुळेच विखुरलेली साधने वापरण्याजोगी झाली.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की महाराष्ट्रात लिनक्स वापरणारे किती? मराठी माणूस मराठी टंकतो ती मोबाइलवर, आणि त्याआधी विंडोजवर. मग मूठभर लोकांच्या प्रणालीवरच्या पॅकेजांना एवढे महत्त्व कशासाठी? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. खुल्या परवान्याचे, सोर्ससह बांधलेले साहित्य आपल्या जागी थांबून राहत नाही. अँड्रॉइडच्या सोर्समध्ये लोहित फॉन्टांचा स्वतंत्र कप्पा होता. विकिमीडियाने २०११ मध्ये वाचकाच्या यंत्रावर फॉन्ट नसला तरी पान नीट दिसावे म्हणून वेबफॉन्टची सोय केली, तेव्हा भारतीय लिप्यांसाठी लोहित हाताशी होता. अक्षरजुळणीचे जे काम पँगोत सुरू झाले ते पुढे हार्फबझ या लायब्ररीत गेले, आणि आज फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड त्याच हार्फबझवर चालतात. मोबाइलच्या पडद्यावर 'दऱ्या' बरोबर दिसतात, त्यामागे लिनक्सवर मराठी तपासून चुका कळवणाऱ्यांचा वाटा आहे. वापरणारे थोडे असले तरी बांधणीचे काम तिथे झाले, कारण बांधणी उघडून पाहण्याची मुभा तिथेच होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे सारे एका परदेशी कंपनीच्या पगारी नोकरांनी केले, यात मराठी समाजाचे कर्तृत्व कोणते? पगाराचा वाटा नाकारण्याचे कारण नाही, तो मोठा आहे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. २००७ मध्ये फेडोरा ७ च्या वेळी कंपनीने सांभाळलेली मुख्य पॅकेजे आणि स्वयंसेवकांची पॅकेजे यांतली भिंत काढली गेली. तेव्हापासून पात्रता दाखवणाऱ्या कुणालाही कोणतेही पॅकेज सांभाळता येते, आणि पगारी माणसाचे नवे पॅकेजही उघड तपासणीतूनच जाते. डेबियन तर मुळातच स्वयंसेवकांचे, आणि तिथेही मराठीचा फॉन्ट सांभाळला गेला. शिवाय ज्ञानाची मालकी पगार देणाऱ्याकडे राहिली नाही. ती कृतीच्या फायलींत सर्वांसमोर पडून आहे. सरकारच्या प्रयत्नांशी तुलना केली की हे स्पष्ट होते. २००५ पासून केंद्र सरकारने भारतीय भाषांच्या फॉन्ट आणि सॉफ्टवेअरच्या सीडी फुकट वाटल्या. हेतू चांगलाच होता आणि अनेकांना त्यांचा उपयोग झाला. पण सीडी वाटून संपते. तिच्यातली चूक दुरुस्त करायला नवी योजना, नवी निविदा, नवी सीडी लागते. पॅकेजमधली चूक कळवली की दुरुस्ती पुढच्या अद्ययावतीत सर्वांकडे जाते. सी-डॅकचे 'बॉस' हे लिनक्स वितरणही २००७ मध्ये आले ते डेबियनच्या पॅकेजांवरच उभे राहून, हेही विसरून चालणार नाही.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा आहे. आता फ्लॅटपॅक आणि कंटेनर आले. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याला लागणारे सगळे सोबत घेऊन येतो, मग वितरणांनी पॅकेजे सांभाळायची गरज काय? प्रोग्रॅमांपुरता हा युक्तिवाद काही अंशी पटतो. भाषेला तो लागू पडत नाही. फॉन्ट, कळफलक, महिन्यांची नावे, शब्दांचा अनुक्रम या गोष्टी एका प्रोग्रॅमच्या नसतात, साऱ्या प्रणालीच्या असतात. दर डब्यात वेगळी मराठी ठेवली तर एका डब्यात ल पाकळीचा आणि दुसऱ्यात दांड्याचा, अशी जुनी छापखान्यांची अवस्था परत येईल. आणि जोखीम? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या पण सर्वत्र लागणाऱ्या लायब्ररीत घुसवलेले चोरदार उघडकीला आले. थकलेल्या एकट्या मेंटेनरच्या मदतीला आल्याचे भासवून ते घुसवले गेले होते. माणसांवर विसंबलेली व्यवस्था किती नाजूक असते, हे त्यातून दिसले. पण ते सापडले, कारण सोर्स आणि बांधणी उघडी होती आणि प्रोग्रॅम किंचित हळू चालतो एवढ्यावरून खोलात जाणे एका अभियंत्याला शक्य झाले. यातून घ्यायचा धडा एकट्या माणसावर भार न टाकण्याचा आहे. पॅकेजे बांधणेच सोडून द्यावे, असा तो नाही.

या इतिहासाचा सुरुवातीच्या फोंडाघाटाशी थेट संबंध आहे, तो तिकडे बोलल्या जाणाऱ्या मालवणीमुळे. लिनक्सच्या पायाभूत ग्लिबसी या लायब्ररीत भाषा आणि प्रदेशांच्या नोंदी असतात, ज्यांना लोकेल म्हणतात. वारांची नि महिन्यांची नावे, तारीख लिहिण्याची रीत, हजारानंतर दोन-दोन आकड्यांनी पडणारे स्वल्पविराम हे सारे त्यात येते. मराठीची नोंद तिथे आहे, कोकणीचीही आहे. मालवणीची स्वतंत्र नोंद नाही. मालवणी ही मराठीची बोली की कोकणीची, यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि मानकांच्या समित्या असा वाद मिटेपर्यंत थांबतात. पॅकेजला थांबावे लागत नाही. मराठीच्या लोकेलची फाइल समोर ठेवून तिच्यात मालवणी रूपे भरायची, लोकेलडेफ या आज्ञेने ती तपासून घ्यायची, आणि आरपीएम किंवा डेब पॅकेजात बांधून शेजाऱ्याच्या यंत्रावर बसवायची. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, पुण्या-मुंबईची वाट पाहावी लागत नाही. मालवणी शब्दांचा कोश, मालवणी कळसूचना, बोलीतले मेन्यू हे सगळे याच रीतीने येऊ शकते. आधी गावापुरते पॅकेज, वापरातून आलेला अनुभव, आणि मग मूळ प्रकल्पाकडे रीतसर प्रस्ताव हा क्रम इथे मोकळा आहे. इंडिक्सचा अनुभव सांगतो की शेवटची पायरी गाळून चालत नाही. लोहितचा अनुभव सांगतो की ती पायरी चढता येते.

तेव्हा मराठीच्या संगणकीय भविष्याची काळजी वाहणाऱ्यांनी आपली मोजपट्टी बदलायला हवी. नवा फॉन्ट प्रकाशित झाला, कोशाचे लोकार्पण झाले, ॲप आले, की समारंभ होतो. त्या प्रत्येक वेळी चार प्रश्न विचारले जावेत. सोर्स कुठे आहे? बदल करण्याचा परवाना आहे का? दुसऱ्या कुणाला हे मुळापासून पुन्हा बांधता येईल अशी कृती लिहिली आहे का? आणि पुढची पाच वर्षे त्याची देखभाल कोण करणार? सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक भाषिक साधनाला या प्रश्नांची उत्तरे देणे सक्तीचे असावे. महाविद्यालयांनी पॅकेज सांभाळण्याच्या कामाला प्रकल्पाचे गुण द्यावेत, आणि भाषेसाठी काम करणाऱ्या संस्थांनी ते कोशकार्याच्या पंक्तीला बसवावे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठीची जी साधने टिकली, ती याच चार प्रश्नांना उत्तर देऊ शकणारी होती. पुढेही टिकतील ती तशीच.